पत्ते खाली ठेवणारा माणूस

सिंदेवाही तालुक्यात पत्त्यांत नाव काढलेली माणसं पुष्कळ झाली. कुणी पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सायकल हरला, कुणी हरलेली सायकल संध्याकाळी परत जिंकून तिच्यावरच घरी गेला, आणि या गोष्टी पानठेल्यावर वर्षानुवर्षं चघळल्या जातात. पत्रू नन्नावरेचं नाव त्यात कुणी घेत नाही. घेणार तरी कसं? त्यानं पत्त्यांत कुणाचा एक पैसा जिंकला नाही. पण पत्त्यांमधली खरी अक्कल कुणाला होती असं विचाराल, तर उत्तर एकच आहे आणि ते द्यायला मागेपुढे पाहायची गरज नाही.

पत्रू धानाच्या संशोधन केंद्रात मजूर होता. सातवी शिकलेला, अंगानं काटकुळा, बोलणं कमी. त्याचं काम मोजण्याचं. धानाच्या एका चुडात, म्हणजे झुपक्यात, फुटवे किती, लोंब्या किती, लोंबीत दाणे किती आणि त्यातले पोचट किती, हे मोजायचं आणि साहेबाच्या वहीत उतरवायचं. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. तिथली रीत अशी की एकच वाण चार ठिकाणी, चार बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, लावायचं, कारण एका बांधीचा भरवसा नाही. एकीत पाणी साचतं, दुसरीचा बांध खेकडे फोडतात. आणि शेजारी एक बांधी अशी ठेवायची की तिला खत नाही, फवारणी नाही, काहीच नाही. साहेब तिला कंट्रोल म्हणायचे, मजूर उपाशी बांधी म्हणायचे. बाकीच्या बांध्यांना घातलेलं अंगी लागलं की नाही, ते या उपाशी बांधीशी ताडून पाहिल्यावर कळायचं.

पत्रूच्या घरात मात्र पत्ते नव्हते, आणि त्याला कारण होतं. बायकोचा, नीलाबाईचा, थोरला भाऊ भैयाजी एका पाडव्याला तीन पत्तीच्या चटईवर बसला आणि आदल्या दिवशी ज्या बैलांना झूल घालून मिरवलं तीच जोडी हरला. बाप एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, कारण त्या न बोलण्यानंच भैयाजीला गावात राहवेना. तो बल्लारपूरला निघून गेला, कुठल्याशा गोदामावर चौकीदार झाला आणि आईच्या मातीलाही आला नाही. नीलाबाईनं तेव्हा नवऱ्याकडून वचन घेतलं की पत्त्यावर एक रुपयाही लावायचा नाही. पत्रू स्वतः लग्नाआधी चटईवरचा नेहमीचा, नेहमी हरणारा गडी होता. त्यानं वचन दिलं आणि अठरा वर्षं पाळलं.

मग २००७ च्या जूनमध्ये मुलीचा, स्वातीचा, बारावीचा निकाल लागला. तो पाहायला पत्रू सायकलनं गावाहून सिंदेवाहीच्या बाजारातल्या ‘फरहा कम्प्युटर’मध्ये गेला. हे दुकान सादिकचं. आधी तिथं एसटीडी बूथ होता, मग तीन मशीन आली आणि दुकानाला लेकीचं नाव लागलं. निकालाचं पान उघडेना, म्हणून थांबावं लागलं. शेजारच्या मशीनवर एक औषध कंपनीचा एजंट पत्ते खेळत होता. स्वाती पास झाली, पेढे वाटून झाले, एजंट उठून गेला, तरी पत्रू त्या रिकाम्या मशीनपुढं उभाच.

“हे पैशाचं हाय का जी?” त्यानं विचारलं.

“पैशाचंबी असते, फुकटबी असते,” सादिक म्हणाला. “पण पत्रूभाऊ, आपल्या इथी पैशाचं नाई चालणार. पैसा लागला का हराम. फुकट हाय तोवर बसा.”

“फुकटच पाह्यजे मले.”

खेळ समजायला सोपा होता. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, मधोमध पाच पत्ते उघडत जायचे, आणि दोन्ही मिळून ज्याचा जोड मोठा त्याचा डाव. सुरुवातीला सगळ्यांना सारख्याच खोट्या चिप्स. संपल्या की उठायचं, शेवटी जे थोडे उरतील त्यांना बक्षीस. रविवारी सकाळच्या फुकट स्पर्धेत जगभरातले चार-चार हजार लोक बसायचे. मशीनच्या भाड्याचा प्रश्न सादिकनंच सोडवला. त्याच्या सासऱ्याची दीड एकर बांधी होती, तिच्यावर पत्रूनं लक्ष ठेवायचं, कधी काय फवारायचं ते सांगायचं. म्हणजे रुपया कुठंच लागला नाही. वचन शाबूत होतं. फक्त घरी पत्रूनं सांगितलं, “साहेबाचं कॉम्प्युटरचं काम शिकून राह्यलो, आयतवारी जा लागते.” तेवढं एक खोटं होतं, आणि सज्जन माणसाचं खोटं जसं सहज पचून जातं तसं तेही पचलं.

पहिले तीन महिने पत्रूची जी फजिती झाली ती सांगण्यासारखी आहे. तो चटईवरचा खेळ खेळायला गेला. आमच्या झाडीत, म्हणजे झाडीपट्टीत, तीन पत्तीला बसलेला माणूस पत्ते न पाहता डाव लावतो, त्याला मर्द म्हणतात. जो दर दुसऱ्या डावाला पत्ते टाकून पॅक होतो, त्याला “जा, घरी जाऊन भात रांध” म्हणतात. पत्रूनं हे सारं मानलं होतं. कसलेही पत्ते येवोत, तो लावायचा, आणि समोरच्यानं वाढवलं की आणखी लावायचा. दहा मिनिटांत चिप्स खलास. चार हजारांत त्याचा नंबर तीन हजार आठशेच्या आसपास यायचा. सादिकची बायको हाजरा आतून चहा आणायची तोवर पत्रू चपला घालत असायचा.

“भाऊ, तुमच्यासाठी चहा आधी ठेवत जाऊ का?” एकदा ती म्हणाली.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी स्पर्धा सुरू होऊन पाचच मिनिटं झाली आणि लाइट गेली. लोडशेडिंगचा वार नव्हता, तरी गेली. सादिकचा इन्व्हर्टर एक पंखा आणि एक ट्यूब ओढायचा, मशीन त्याला झेपायचं नाही. पत्रू घरी जायला निघाला, पण बाहेर धानाची पोती घेऊन बैलबंड्या उभ्या होत्या, म्हणून बसला. पन्नास मिनिटांनी लाइट आली. मशीन सुरू झालं, खेळ उघडला, आणि पत्रू पाहतो तर तो अजून खेळात होता. तो नसताना मशीननं प्रत्येक डावात त्याला पॅक केलं होतं. पाळीपाळीनं प्रत्येकाला लावावीच लागणाऱ्या सक्तीच्या बोलीत निम्म्याहून जास्त चिप्स गेल्या होत्या, पण नंबर होता नऊशे बारा.

“सादिकभाऊ, इकडं या,” तो म्हणाला. “मी नव्हतो तवा माया नंबर वाढला.”

सादिक हसला. पत्रू हसला नाही. तो खुर्चीत मागं टेकून बराच वेळ त्या आकड्याकडं पाहत राहिला, कारण त्याला कळलं होतं की आज तो स्वतःच उपाशी बांधी झाला होता. काहीच न केलेली बांधी, खतपाणी घातलेल्या बांधीपेक्षा चौपट पिकली होती. केंद्रात असं झालं असतं तर साहेबानं एकच म्हटलं असतं: मग तुम्ही घालत होता ते खत नव्हतं, विष होतं. आपण ज्याला मर्दानगी म्हणत आलो ते विष आहे, हे शेहेचाळिसाव्या वर्षी, भर दुकानात, एका आकड्यावरून मान्य करायला छाती लागते. शिकलेल्यांनाही ते जमत नाही.

दुसऱ्या रविवारी पत्रू वही घेऊन आला. दोनशे पानी, आडव्या रेघांची. केंद्रातल्यासारखेच रकाने पाडलेले: आपले दोन पत्ते कोणते, आपल्या आधी किती जण बोलले, म्हणजे किती जणांची पाळी झाली, आपण काय केलं, फळ काय आलं. आणि शेवटचा रकाना त्याचा स्वतःचा होता, निर्णय बरोबर की चूक. यातली गंमत अशी की तो फळ आणि निर्णय वेगळे लिहायचा. दुर्री-सत्तीवर सगळं लावून जिंकला तर फळापुढं ‘जिंकलो’ आणि निर्णयापुढं ‘चूक’. एक्का-बादशहावर लावून हरला तर ‘हरलो’ आणि ‘बरोबर’. हे पाहून सादिकला राहवेना.

“जिंकलात न भाऊ? मग चूक काऊन?”

“एका बांधीचं पीक हाय थे,” पत्रू म्हणाला. “शंभर बांध्या होऊ द्या, मंग बोलू.”

शंभर झाल्या, मग चारशे झाल्या. वहीनं त्याला एकेक गोष्ट शिकवली. सुरुवातीला बहुतेक पत्ते टाकून द्यायचे. आपल्या आधी कमी जण बोलले असतील तर पत्ते जास्त चांगले हवेत, सगळे बोलून झाले असतील तर थोडे हलकेही चालतात. चिप्स फार कमी झाल्या की वाट पाहत झिजण्यापेक्षा बरे पत्ते येताच सगळ्या लावायच्या. हे त्याला कुणी सांगितलं नाही. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि पुस्तकं सिंदेवाहीत मिळत नव्हती. त्यानं ते मोजून काढलं.

एक चूक मात्र वहीलाही सापडायला वेळ लागला, आणि ती अस्सल झाडीतली होती. आपल्याकडं चटईवर वडीलधारा माणूस बोली वाढवतो तेव्हा लहानानं “घ्या जी भाऊ” म्हणून पत्ते खाली ठेवायचे असतात. म्हाताऱ्या माणसाला पत्ते दाखवायला लावणं म्हणजे त्याला खोटं म्हणणं. स्पर्धेत प्रत्येक खेळाडूच्या नावाशेजारी एक फोटो असायचा. पांढऱ्या दाढीचा फोटो दिसला की पत्रू हातात दोन राण्या असल्या तरी “घ्या जी भाऊ” पुटपुटायचा आणि पॅक व्हायचा. हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. वहीत एकाच पानावर अकरा वेळा ‘निर्णय चूक’ आलं, तेव्हा कुठं त्यानं शोध लावला.

“पत्रूभाऊ, थो फोटो हाय,” सादिक म्हणाला. “मागं वीस वर्षाचा पोट्टा बसला असन.”

“असन. पण खरंच म्हातारा असला तं?”

पत्रूनं जुन्या कॅलेंडरचे तुकडे कापले आणि जिथं जिथं फोटो यायचे तिथं काचेवर भाताच्या शितानं चिकटवले. हाजरा म्हणाली, मशीनला देवीचे फोड आल्यासारखे दिसतात. पण त्या दिवसापासून पत्रूच्या लेखी सगळे सारखे झाले आणि त्याचा नंबर पाचशेच्या आत आला, मग शंभराच्या.

२००८ च्या नोव्हेंबराच्या शेवटी, चार हजार दोनशे लोकांत तो अकरावा आला. पहिल्या वीस जणांना बक्षीस होतं. पैसे नव्हे, एका पैशाच्या स्पर्धेचं तिकीट. किंमत एक डॉलर, म्हणजे पन्नासाच्या आत-बाहेर रुपये. तिकीट विकता येत नव्हतं, बदलता येत नव्हतं. खेळा नाहीतर सोडा.

दुसरा कुणी नाचला असता. पत्रूचं तोंड उतरलं. तिकीट फुकट मिळालेलं, पण बसायचं ते पैशाच्या चटईवर. हा रुपया लावणं झालं की नाही? सादिकनं खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, “मले इचाराल तं मी नाई बसणार. पण वचन तुमचं भाभीले हाय. तिले इचारा.”

आणि तिला विचारायचं म्हणजे दीड वर्षाचं खोटं आधी सांगावं लागणार होतं. पत्रूला गप्प राहता आलं असतं. तिकिटाला महिन्याची मुदत होती, ती उलटली असती, कुणाला काही कळलं नसतं. तो चार दिवस अंगणात घुटमळला आणि पाचव्या दिवशी नीलाबाई सुपानं धान पाखडत असताना समोर जाऊन बसला. सगळं सांगितलं. एजंट, मशीन, वही, तिकीट.

नीलाबाईचं सूप थांबलं नाही. “कवापासून?”

“स्वातीचा निकाल लागला तवापासून.”

“म्हंजे दीड वर्ष साहेबाचा कॉम्प्युटर शिकून राह्यले तुमी.”

मग ती दोन दिवस बोलली नाही. जेवण वेळेवर, पाणी तांब्यात भरलेलं, पण बोलणं दारातल्या शेळीशी. पत्रूला ती शेळी देवासारखी वाटू लागली, निदान घरात आवाज तरी होता. तिसऱ्या दिवशी सकाळी नीलाबाई चुलीपुढूनच म्हणाली, “अजी, मले पाह्यचं हाय तुमी कसे बसता थे. भैयाजी बसे तवा मी पाणी द्याले जावो. त्याचं तोंड मले अजून दिसते. थेच तोंड तुमचं दिसलं, तं मी तुमच्या संग घरी नाई येवाची.”

ती उगाच धमक्या देणारी बाई नव्हती. पत्रूला हे ठाऊक होतं.

“अन् जिंकले, तं थे पैसे घरात आणाचे नाई.”

“नाई आणत.”

चौदा डिसेंबरच्या रविवारी सकाळी दोघं सायकलवर सिंदेवाहीला आली. नीलाबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत चार दिवसांचे कपडे होते, हे पत्रूनं पाहिलं. सादिकनं स्टूल दिलं. ती मशीनच्या बाजूला अशी बसली की पडदा तिला अर्धाच दिसावा आणि नवऱ्याचं तोंड पूर्ण. आठशे लोक होते, बक्षिसं बहात्तर जणांना.

पहिला तास पत्रू पत्ते टाकत राहिला. टाकला, लिहिला. टाकला, लिहिला. नीलाबाईला वाटलं होतं की घाम फुटेल, कान लाल होतील, मांडी हलेल. भैयाजीची हलायची. इथं माणूस केंद्रात लोंब्या मोजत बसतो तसा बसला होता.

शंभर जण उरले तेव्हा पत्रूकडं दोन बादशहा आले. त्यानं बोली वाढवली, एकानं साथ दिली. मध्ये तीन पत्ते उघडले, त्यात एक्का. तासभर ज्यानं फारशी बोली लावली नव्हती, त्या माणसानं सगळ्या चिप्स पुढं सरकवल्या. पत्रूनं वहीत त्याच्या नावापुढच्या खुणा पाहिल्या आणि बादशहा खाली ठेवले.

“दोन बादशा होते न?” नीलाबाईनं पहिल्यांदाच विचारलं.

“होते. त्याच्यापाशी एक्का असन.”

“नसन तं? खोटं बोलून राह्यला असन तं?”

“असन.”

“मंग तुमाले पाहाव नाई वाटे?”

“वाटते,” पत्रू म्हणाला. “पण पाह्याले सगळ्या चिप्स लागतात.”

त्या माणसाचे पत्ते दिसलेच नाहीत, पुढचा डाव सुरू झाला. नीलाबाई पदर तोंडाला लावून बसली. भैयाजीनं बैल जिंकण्यासाठी लावलेच नव्हते, हे तिला आज कळलं. समोरच्याचे पत्ते पाहण्यासाठी लावले होते. “एकडाव पाहूनच घेतो” असं तो म्हणाला होता, तिनं पाण्याचा गडवा हातात धरून ते ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले. हाजरा जवळ येऊन उभी राहिली.

शहात्तर जण उरले तेव्हा पत्रूला दोन एक्के आले. याहून मोठे पत्ते या खेळात नाहीत. त्यानं सगळ्या चिप्स लावल्या, आणि समोरच्यानं दोन अठ्ठ्यांवर साथ दिली. पाचवा, शेवटचा पत्ता उघडला तो किलवरची अठ्ठी, आणि समोरच्याच्या तीन अठ्ठ्या झाल्या. चिप्स गेल्या. बक्षीस चार माणसांनी चुकलं.

सादिकनं कपाळावर हात मारला. नीलाबाई पडद्याकडं पाहत नव्हती. पत्रूनं पेन उचलला आणि लिहिलं: दोन एक्के, सगळं लावलं. फळ, हरलो. निर्णय, बरोबर. मग चष्मा पुसला आणि म्हणाला, “चाल. संध्याकाळी धान झाकाचं हाय.”

नीलाबाई उठली नाही. तिनं हात पुढं करून वही मागितली. चौथीपर्यंत शिकलेली होती, एकेक अक्षर लावून तिनं तो शेवटचा रकाना वाचला, मग मागची पानं उलटून तोच रकाना वाचत गेली. बरोबर, चूक, चूक, बरोबर. माणसानं स्वतःला इतक्या वेळा, स्वतःच्या हातानं चूक लिहिलेलं तिनं कुठं पाहिलं नव्हतं. तिनं वही परत त्याच्यापुढं ठेवली.

“दीड वर्ष मले खोटं सांगतलं. थे कुठी लिवलं हाय?”

पत्रूनं मान खाली घातली. “नाई लिवलं.”

“लिवा.”

सादिक आणि हाजरा आतल्या खोलीत निघून गेले. पत्रूनं नवीन ओळ घेतली. पत्त्यांच्या रकान्यात काय लिहायचं ते त्याला कळेना, म्हणून तो मोकळा ठेवला. पुढं लिहिलं: नीलाले सांगतलं नाई. फळाच्या रकान्यापाशी पेन थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती शेवटच्या रकान्याकडं पाहत होती. तोही रकाना त्यानं मोकळा सोडला आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: निर्णय चूक.

नीलाबाईनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग कपड्यांची पिशवी उचलून नवऱ्याच्या हातात दिली, पदर नीट केला आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन सादिकला म्हणाली, “भाऊ, पुढच्या आयतवारी मायासाठी खुर्ची ठेवजा. स्टुलावर पाठ दुखते.”